मागच्या बैठकीचा उतार

मी एक जुना सांगाडा आहे. घाबरू नका मित्रांनो, माणसाचा नव्हे, मोटारीच्या मागच्या बैठकीचा! बैठकीवरचे रेक्झिन सगळ्यांना दिसते, आतल्या स्प्रिंगा बसल्याबरोबर कळतात. पण या सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या लाकडाची आठवण ते मोडल्यावरच होते. माझ्या बाबतीत तर आणखी गंमत झाली. माझ्यावरून सारे गाव हसले आणि खरे काय ते फक्त तीन माणसांना ठाऊक होते. चौथा मी.

माझे पहिले लाकूड विलायतेचे. निजामाच्या राज्यात आमची मोटार औरंगाबादेत एका जहागीरदाराकडे आली. तेव्हा माझ्यावर अत्तराचा वास येणाऱ्या शेरवान्या बसत. पुढे पोलीस अ‍ॅक्शन झाले, जहागिऱ्या गेल्या आणि मोटार मधुसूदन वकिलांनी विकत घेतली. वकील मोठे हौशी. कोर्टात भारदस्त चेहरा करून उभे राहणारा हा माणूस मोटारीत बसला की शीळ घालायचा. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई मागे माझ्यावर बसायच्या. नवऱ्याशेजारी पुढे बसण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

तोवर मी थकलो होतो. माझी पुढची पट्टी खचली होती आणि बसणारा हळूहळू पुढे घसरायचा. धडधाकट माणसे पाय रोवून बसत, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

बाईंचे माहेर फर्दापूरचे, आणि पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही रीत. दिवस भरत आले तसे वकील त्यांना घेऊन निघाले. अजिंठ्याचा घाट उतरताना समोर खड्डा आला. वकिलांनी करकचून ब्रेक दाबला आणि बाई माझ्यावरून घसरून पुढच्या बैठकीवर आदळल्या. "काही नाही, काही नाही, चला," असे त्या लगेच म्हणाल्या. पण ते मूल जगले नाही. लाकडाला रडता येत नाही मित्रांनो, नाहीतर मी रडलो असतो.

पुढे बाईंना पुन्हा दिवस गेले. त्याच सुमारास माझी खचलेली पट्टी कडकन मोडली आणि मला मोटारीतून काढून अंगणात टाकले. मोटारीच्या बैठका करणारा सुतार तेव्हा गावात कुठला असणार? गावात टांगे रग्गड होते, म्हणून वकिलांनी टांगे करणाऱ्या फकिराला निरोप धाडला. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्याचे काम चाले. त्याची बायको मनकर्णाबाई वकिलांकडे धान्य निवडायला यायची. त्या दिवशी दोघी सुपे घेऊन माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

"मनकर्णा, तुझ्या नवऱ्याला एक सांगशील?" सुपावरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "बैठक पुढून उंच कर म्हणावं. टांग्यात मागे असतो ना, तसा उतार दे. रेलून बसलं की माणूस घसरायला नको."

"मंग सायबांनाच सांगा की. ते सांगतील त्येला."

"नको गं. त्या दिवशी मोटार ते चालवत होते. माझ्या पोटाला लागलं हे त्यांना माहीतच नाही. कळलं तर जन्मभर स्वतःला बोल लावतील. आधीच त्यांना जेवण धड जात नाही. हे तुझ्यामाझ्यात राहू दे."

मनकर्णाबाईने गव्हातला खडा वेचून लांब फेकला. "राह्यलं, बाई. मी आन माझा माणूस, तिसऱ्या कानाला जायचं नाय."

माझे दोन कान तिने धरलेच नाहीत.

फकिराने मला खांद्यावर टाकून नेले. त्याने माझी किडकी लाकडे काढली, नवी घातली आणि पुढची पट्टी जुन्या सागवानाची केली, चांगली चार बोटे उंच. तिच्यावरून तो पुन्हा पुन्हा हात फिरवायचा आणि स्वतः बसून बघायचा. मला जन्म विलायतेने दिला असेल, पण मला माणसात आणले ते फकिराने.

मी मोटारीत परत बसलो आणि वकील हौसेने माझ्यावर येऊन बसले. बसले कसले, मागे गडगडलेच! गुडघे वर, नजर थेट आभाळाकडे.

"फकिरा! अरे, तुला मोटार दिली होती, तू टांगा करून आणलास! आता घोडा कुठे बांधू?" असे म्हणून वकील हसत सुटले. बाळ गेल्यापासून त्यांना कुणी हसताना पाहिले नव्हते. दारात उभ्या असलेल्या प्रमोदिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

फकिराने एकदा बाईंकडे पाहिले आणि मान खाली घातली. "चुकलं, साहेब. हातालाच टांग्याची सवय. पर आता काथ्या, कापड समदं चढलंय. उकलायचं म्हंजी पावसाळा होऊ द्या."

पावसाळ्याच्या आधीच बाई माझ्यावर रेलून फर्दापूरला गेल्या. घाट तोच होता आणि खड्डेही तेच. मी त्यांना घट्ट धरून बसलो होतो. मूल मी वाचवले, अशी बढाई मी मारणार नाही. ते देवाला आणि बाईंच्या धीराला ठाऊक. पण परतताना माझ्यावर दुपट्यात गुंडाळलेला मुकुंद होता, एवढे खरे.

त्यानंतर मला उकलायची आठवण कुणालाच राहिली नाही. गावाला मात्र आयता विषय मिळाला. वकिलांनी गमतीने सांगितलेली गोष्ट गुलमंडीत पोहोचली आणि फकिराचे नाव 'टांगा-फकिरा' पडले. पुढे गावात मोटारी वाढल्या, टांगे उठले, पण मोटारीचे काम घेऊन त्याच्या दारी कुणी गेले नाही. "तो काय, मोटारीचा टांगा करील!" एकदा प्रमोदिनीबाई कासावीस होऊन मनकर्णाबाईला म्हणाल्या, "मी सांगून टाकते यांना." तिने हात झटकला. "ऱ्हाऊ द्या, बाई. लोकांच्या हसण्यानं काय अंगाला भोकं पडत नायत."

पण पडतात, मित्रांनो. फकिराला नसतील पडली, त्याच्या पोराला पडली. बन्सीला शाळेत मुले घोड्यासारखे खिंकाळून दाखवत.

वर्षे गेली. फकिरा गेला, वकील गेले, मोटार मागच्या शेडमध्ये उभी राहिली. माझ्यावर ज्वारीची पोती पडली, मग रद्दी, मग नुसती धूळ. मांजरीने दोनदा संसार थाटला, तेवढीच सोबत. पत्र्यातून पाणी गळले, वाळवी लागली, आणि ज्या घराने मला एवढे वापरले त्यातले कुणी कधी फडकेही फिरवले नाही. प्रमोदिनीबाई तेवढ्या अधूनमधून येऊन मोटारीच्या दारावर हात ठेवून उभ्या राहत. पुढे त्याही गेल्या.

त्यानंतर मुकुंदरावांनी मोटार दुरुस्त करायला काढली. हे ऐकताच बन्सी आपणहून त्यांच्या घरी आला. आता तो दारे-खिडक्या करणारा चांगला नावाजलेला सुतार झाला होता.

"भाऊ, बैठकीचं काम मला द्या. आबानं केलेली चूक मलाच निस्तरू द्या."

मुकुंदराव हसले. "दे की करून. पण बघ हं बन्सी, या वेळी मोटारच हवी, टांगा नको!"

बन्सीही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

त्याने मला आपल्या घरासमोरच्या पडवीत नेऊन उघडले. वाळवीने माझा भुगा केला होता. फक्त पुढची ती सागवानी पट्टी, फकिराची, ठणठणीत होती. बन्सीने बाकीची लाकडे नवी केली, झकास केली. मग पट्टीवर चार बोटे खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि करवत उचलली. आता मी सपाट होणार होतो आणि त्याच्या मनातला सल निघणार होता. मला ओरडावेसे वाटले, पण मला तोंड कुठे?

"माय, बघ," बन्सी म्हणाला, "आबाचं हसं आज कापून टाकतो."

मनकर्णाबाई उंबऱ्याशी गहू निवडत बसली होती. करवत पट्टीत घुसली आणि सूप तिच्या हातातून सुटले.

"थांब! बन्स्या, थांब म्हन्ते ना!"

तिने सगळे सांगितले. घाट, पहिले बाळ, अंगणातले बोलणे. बन्सी करवत हातात धरून ऐकत राहिला.

"आन आबानं मला बी नाय सांगितलं?"

"त्येला लोक हसलेले चालत व्हते, बाळा. वकील रडलेला चालला नसता."

बन्सी खाली बसला. त्या पट्टीवरून त्याने हात फिरवला, फकिरा फिरवायचा अगदी तसा, आणि तो हमसून हमसून रडला. करवतीची ती खाच अजून माझ्या अंगावर आहे. त्याने ती बुजवली नाही.

दोन दिवसांनी मुकुंदराव आले. मी उभा होतो, नवा आणि पक्का, पण पुढून चार बोटे उंचच.

"बन्सी! अरे, हा तर तस्साच!"

बन्सीने मान खाली घातली. त्याच्या ओठांवर 'चुकलं, भाऊ' आलेच होते. पण त्याच्या आईने ते शब्द बाहेर येऊ दिले नाहीत.

"काय बी चुकलं नाय," मनकर्णाबाई म्हणाली. "बाई गेल्या, साहेब गेले, माझा माणूस गेला. आता कुणासाठी झाकू? बस, भाऊ. त्या लाकडावर बस आन ऐक."

मुकुंदराव माझ्यावर बसले. तिने घाटापासून सगळे सांगितले.

"मावशी," ते म्हणाले, "माझ्या आधी कुणी होतं?"

घरात त्यांना हे कुणी कधी सांगितलेच नव्हते. मनकर्णाबाईने होय म्हणून मान हलवली. मुकुंदरावांनी दोन्ही हातांनी माझी पुढची पट्टी घट्ट धरली.

मोटार तयार झाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मनकर्णाबाईला माझ्यावर बसवले. जिने माझे गुपित एवढी वर्षे पोटात ठेवले, ती माझ्यावर कधी बसलीच नव्हती! बसल्याबरोबर ती मागे गडगडली आणि ओरडली, "अगं माय! लईच केलाय की उतार मेल्यानं!" मग डोळे पुसत पोटभर हसली. पुढे मुकुंदराव आणि बन्सी, मागे ती, अशी आमची स्वारी गुलमंडीत शिरली. कापडाच्या दुकानातून म्हाताऱ्या बद्रीनाथशेठनी हाक मारली, "काय मुकुंदराव, अजून टांगाच का?"

मुकुंदरावांनी मोटार थांबवली. "हो, शेठ. फकिराचा टांगा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "याच टांग्यातून मी या गावात आलो."

बन्सी ताठ बसला होता.

मित्रांनो, आम्हा जुन्या लाकडांचे मागणे थोडके असते. पावसात टाकू नका, वर्षातून एकदा वाळवी लागली का बघा, अधूनमधून फडके फिरवा. आणि आमच्यात काही वाकडे दिसले, तर करवत उचलण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढेच विचारा, की इथे कोण बसणार होते?