अप्पांचं खाकरणं

उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अमरनाथ अप्पांना सगळे अडत्या म्हणून ओळखायचे, घरात मात्र ते खाकरण्यावरून ओळखू यायचे. उंबऱ्यापाशी चपला काढल्या की घसा साफ केल्याशिवाय त्यांचा पाय आत पडत नसे. त्यांच्या वडिलांचीही तीच रीत होती. घरधनी आला हे आतल्या बायकांना कळावं, त्यांनी पदर सावरावा, एवढंच त्या खाकरण्याचं काम. आता पदर घेणारी घरात एकच उरली होती, बायको शिवकांता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात शिवकांताला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलगी दामिनी लातूरच्या एका दवाखान्यात नोकरीला होती. तिथं माणसाच्या रूपाची यंत्रं आजाऱ्यांच्या घरी ठेवून बघत होते. त्यातलं एक आणून तिनं आईच्या खाटेशी बसवलं. महालक्ष्मीच्या मुखवट्यासारखं गुळगुळीत तोंड बघून दामिनीनंच तिला गौरम्मा म्हणायला सुरुवात केली. गौरम्मा कूस बदलायची, चमच्यानं पाणी पाजायची, आणि ज्याच्याजवळ राहील त्याचं बघून बघून शिकायची.

अप्पा मात्र शिवकांताच्या खोलीत जात नसत. पहिल्याच आठवड्यात ते खाकरून तिच्या दाराशी गेले होते. शिवकांताचं तोंड वाकडं झालं होतं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. त्यांना बघताच तिनं डावा हात उचलून तोंडासमोरून झटकन नेला. अप्पा आल्या पावली परतले. आपलं हे रूप नवऱ्यानं बघू नये असं तिला वाटतंय, ती आपल्याला जा म्हणतेय, असं त्यांनी ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर हे पटायला त्यांना फार वेळ लागला नाही. भित्र्या माणसाला निमित्तच हवं असतं. पुढं आठ महिने त्यांनी उंबऱ्यावर खाकरलं आणि सरळ देवघर गाठलं.

पौषात शिवकांता गेली. जंगमस्वामींनी तिच्या डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग ठेवलं आणि लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून मातीत दिलं. आठ महिन्यांत अप्पांनी तिला जवळून पाहिलं ते तेव्हाच.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी अप्पा दुकानातून जेवायला आले, खाकरले, आणि त्यांची नजर सहज त्या खोलीत गेली. रिकाम्या खाटेशी बसलेल्या गौरम्मानं मान दाराकडं वळवली. डावा हात उचलला आणि तोंडासमोरून झटकन नेला.

अप्पा झटकन मागं सरले. त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम न खाकरता आत आले, तर गौरम्मा ढिम्म. न राहवून ते खाकरले आणि तो हात पुन्हा उठला. मेल्यावरही ही आपल्याला हाकलतेय, असं वाटून ते तडक ओसरीवर येऊन बसले. चोराच्या मनात चांदणं असतं ते असं.

रविवारी दामिनी आली. संध्याकाळी गाडी येऊन गौरम्माला नेणार होती, आणि लातूरला पोचल्यावर तिचं शिकलेलं सगळं पुसून तिला दुसऱ्या घरी पाठवणार होते.

"ने बाई लवकर," अप्पा म्हणाले. "बिघडलीय ती. मी आलो की जा म्हणती. तुझ्या अव्वावानी."

"अव्वा जा म्हणायची? तुम्हाला?" दामिनी त्यांच्याकडं बघत राहिली. "खाकरा बरं एकदा."

अप्पा खाकरले. गौरम्माचा डावा हात उठला, कपाळावरून पुढं आला. या वेळी अप्पा पळाले नाहीत, म्हणून पुढचंही त्यांना दिसलं. हात खाली आला, खाटेच्या कडेची चादर त्यानं नीट केली आणि तिथं दोनदा थोपटलं. मग गौरम्मा दाराकडं बघत थांबली. बऱ्याच वेळानं तिची मान खाली गेली.

दामिनीनं तोंडाला ओढणी लावली. "अप्पा, हाकलत न्हाई हो. पदर घ्यायलीय ती. उजवा हात अव्वाचा मेलेला, म्हणून डाव्यानं. आन् अंगात गाऊन घातला होता आपण, पदर होताच कुठं तिला?"

"आन् ते थोपटणं?"

"बसा म्हणायची. मी आले तरी तसंच थोपटायची."

अप्पांनी खाटेच्या त्या कडेकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, "एकदाच केलं आसंल का गं तिनं?"

"एकदा बघून ही शिकत न्हाई अप्पा. रोज बघावं लागतं."

दामिनी स्वयंपाकघरात गेली. ज्या दारातून आठ महिने जाता आलं नाही, त्यातून अप्पा आत गेले आणि खाटेच्या कडेला, जिथं थोपटलं होतं तिथंच बसले. जन्मात बायकोचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, ते घेतलं. "शिवकांता, आलो बघ मी."

गौरम्मा हलली नाही. ते आल्यावर काय करायचं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

 हुंदका आवरायला अप्पांनी घसा साफ केला. त्याबरोबर गौरम्माची मान वळली, त्यांच्याकडं नाही, दाराकडं. नसलेला पदर तिनं कपाळावर ओढून घेतला. हात खाली आला तो चादरीवर न पडता अप्पांच्या गुडघ्यावर पडला. तिनं गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं, दोनदा थोपटलं, आणि दाराकडं बघत राहिली.

अप्पा तिच्याशेजारी बसून होते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा तेही दाराकडंच बघत होते.