साहेबांची बदली

आमच्या घरात तीन माणसं, तीन टॉवेल आणि एक बोका. टॉवेल एकाच पाकिटातले, एकाच निळ्या रंगाचे. कुठला कोणाचा हे खुंटीवरून ठरायचं. मी मात्र त्यातल्या त्यात कोरडा असेल तो उचलायचो. आयुष्यात मी सातत्याने पाळलेलं हे एकमेव धोरण.

महिन्यापूर्वी माझ्या कमरेमागे गजकर्ण उठलं. व्यायामशाळेत वजन उचलताना बांधायचा पट्टा सगळ्यांत मिळून एकच होता, त्याची कृपा. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. पाचव्या दिवशी खाज थांबली, मग मीही थांबलो. पाठ आरशात दिसत नाही, म्हणून बरं झालं असं जाहीर केलं. स्वतःपुरतं.

पुढे ताईच्या मानेवर तसंच वर्तुळ आलं. मग बाबांच्या दंडावर.

डॉक्टरीणबाईंकडे गाडी मीच चालवत नेली.

"घरात मांजर आहे? गजकर्ण त्यांच्याकडूनही येतं."

"आहेत," बाबा म्हणाले. ते बोक्याला साहेब म्हणतात आणि अहोजाहो करतात. मला नाही करत.

"आणखी कोणाला झालंय?"

"हा धडधाकट आहे," ताईने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी भिंतीवरचा कातडीच्या थरांचा तक्ता फार मन लावून वाचला.

"मलम चार आठवडे. खाज गेली तरी सोडायचं नाही. वर्तुळाच्या बाहेरही बोटभर लावा. टॉवेल, कपडे ज्याचे त्याने वापरा. आणि मांजर दाखवून घ्या."

ताईने शेवटची पायरी गाळली. साहेबांची थेट शिंपीकाकांच्या दुकानात बदली झाली; पिल्लू असताना आम्ही त्यांना तिथूनच आणलं होतं. निवृत्तीनंतर बाबा दिवसभर बोलायचे ते फक्त साहेबांशी. त्यांनी टोपलीत धुतलेला स्वेटर अंथरला. "थोडेच दिवस, साहेब," एवढंच म्हणाले. टोपली पोचवायचं काम अर्थातच धडधाकट माणसाकडे आलं.

शिंपीकाकांनी चष्मा लावून साहेबांचे केस उलटे फिरवून पाहिले. "कुठे डाग नाही, वीण उसवलेली नाही. माल परत का आला?"

साहेब शांत बसले होते. खाजवत मी होतो.

टोपली घेऊन तसाच घरी आलो. बाबा खुर्चीत होते, मांडीवर घडी न मोडलेला पेपर. मी टोपली खाली ठेवली, त्यांच्याकडे पाठ केली आणि शर्ट वर उचलला. कबुली देताना तोंड दाखवावं लागलं नाही, तेवढीच सोय.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"महिना झाला."

"टॉवेल कुठला?"

"कोरडा असेल तो."

"तळहाताएवढं झालंय," ताई म्हणाली. "आणि मी त्या मांजराला घराबाहेर काढलं."

"साहेबांना," बाबा म्हणाले.

मग ते उठले. हातमोजा चढवला, ट्यूब उघडली. "तुझा हात पोचायचा नाही तिथे." वर्तुळावर मलम लावलं, मग बाहेर बोटभर, सांगितलं होतं तसं. फार हळू. साहेब टोपलीतून बघत होते.

बाबांनी ट्यूबचं झाकण लावलं. दिवसातून दोनदा, चार आठवडे, असंच होणार आहे.