ताराबाईंची दुसरी डीव्हीडी

हुडको कॉलनीतल्या ताराबाई डोंगरवारांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. त्यांचा पुण्याचा भाचा हर्षल सुट्टीत आला तेव्हा त्यानंच टाकून दिलेलं. फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवरही नीट चालतं म्हणून. त्यात ताराबाईंनी कॉलनीतल्या बायकांची भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. एकदा अपडेट चालू असतानाच लाइट गेली. परत आली तेव्हा काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या आणि मशीन तिथंच अडलं.

त्यांचे यजमान आनंदराव म्हणाले, दुकानात देऊन टाकू. पण दुकानदार सगळं पुसून नवं टाकेल, ही ताराबाईंना धास्ती. त्यांनी हर्षलला फोन लावला. त्यानं रेस्क्यू डिस्क बनवायला सांगितली. मशीन त्या डिस्कवरून सुरू होईल, मग आतलं दुरुस्त करता येईल.

ताराबाई सायबर कॅफेत गेल्या, इंटरनेटवरून त्या डिस्कची फाइल उतरवली, कोऱ्या डीव्हीडीवर टाकली आणि उत्साहात घरी आल्या. डिस्क घातली. पुन्हा त्याच ओळी.

"मावशी, फाइल टाकली कशी तू?" हर्षलनं फोनवर विचारलं.

"कॉपी केली. गाणी टाकतो तशी."

तो हसला. ती फाइल म्हणजे बंद डबा आहे, त्यानं समजावलं. नुसती ठेवली तर मशीनला डबाच दिसतो. 'इमेज बर्न' केली की आतलं सगळं आपापल्या जागी मांडलं जातं. ताराबाई तशाच चपला घालून परत निघाल्या. या वेळी आनंदरावही सोबत गेले.

दुसऱ्या डीव्हीडीवरून मशीन सुरू झालं. गाणी जागच्या जागी होती. ताराबाईंनी आधी ती पेनड्राइव्हवर घेतली. मग हर्षल फोनवरून एकेक अक्षर सांगत गेला आणि आनंदराव एका बोटानं टाइप करत गेले. अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं झालं. डिस्क काढून मशीन पुन्हा चालू केलं, तर नेहमीचा पडदा आला.

ताराबाईंनी शेजारच्या गयाबाईंना बोलावून त्यांचंच गाणं लावलं. गयाबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"एवढी बेसूर गाऊन राहिली होती मी," त्या म्हणाल्या, "अन् तुमी कोनी मले सांगतलं कावून नाही?"

आनंदराव हसू दाबत चहा ठेवायला आत गेले. गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरलं, आणि गयाबाईंनी तिथंच बसून रियाज सुरू केला.