एक कमी

सुमेधानं प्रिंटरमधला कागद टरकन फाडला आणि खिडकीपाशी नेऊन पाहिला. प्रत्येक ओळीखाली एक आगाऊ अक्षर एकटंच येऊन बसलं होतं. सकाळपासूनचा हा सहावा कागद.

"गेलं का ते?" आनंद सरांनी केबिनमधूनच विचारलं.

"नाही, सर."

"मग पत्राचं नंतर बोलू."

पत्र म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र. सोमवारी तिला बंगलोरला रुजू व्हायचं होतं, आणि ते पत्र नसेल तर तिथे कोणी तिला दारात उभं करणार नव्हतं. डोंबिवलीच्या कापड रंगवायच्या कारखान्यासाठीचं इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड चाललं की पत्र, असा सरांचा शब्द होता. असाच शब्द त्यांनी आधीच्या दोन कार्डांच्या वेळीही दिला होता. वागळे इस्टेटमधल्या त्या गाळ्यात तिचा जीव गुदमरून गेला होता.

कारखान्यातला प्रोसेसर एकेक अक्षर स्वतः प्रिंटरला पोचवत बसायचा. तेवढ्यात टाकीचं तापमान बघायचं राहायचं आणि कापडाचा रंग बिघडायचा. म्हणून तिनं डीएमएची चिप बसवली होती. मजकूर मेमरीत कुठून उचलायचा आणि किती अक्षरं, एवढंच प्रोसेसरनं चिपला सांगायचं. पुढे अक्षरं परस्पर प्रिंटरकडे जातात आणि प्रोसेसर तापमान बघायला मोकळा. ओळीत ऐंशी अक्षरं, म्हणून तिनं ऐंशी लिहिलं. चिप मात्र इमानेइतबारे एक्क्याऐंशी पाठवत होती. चिपच्या माहितीपुस्तकाच्या झेरॉक्समधलं नेमकं तेच पान पुसट निघालं होतं.

शेजारच्या टेबलावर नाथाभाऊ स्क्रू मोजून डब्यात टाकत होते. चेंदणी कोळीवाड्यातले, चाळिशीचे. सोल्डरिंगला त्यांच्यासारखा हात नाही.

"लाभ, दोन, तीन, चार..."

"नाथाभाऊ, एक का नाही म्हणत?"

"आमची आय म्हावरा मोजताना असंच बोलायची. पयल्याला लाभ."

"पण तो धरायचा ना मोजणीत?"

"मंग! नाव काय पन द्या, डब्यात तर पडला ना तो."

सुमेधानं सहावा कागद पुन्हा पुढे ओढला. चिप पहिल्याला शून्य म्हणत असली तर? शून्य म्हणतानाही एक अक्षर गेलेलंच असणार. तिनं ऐंशी खोडून एकोणऐंशी लिहिलं, आणि सातवा कागद स्वच्छ निघाला. आनंदाच्या भरात तिनं नाथाभाऊंना सगळं समजावलं, त्यांच्या हातून दुसरा मजकूरही छापून घेतला.

सर बाहेर आले. दोन्ही कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिले.

"छान. पण तू गेल्यावर हे बघणार कोण? मार्चपर्यंत थांब."

तिला रडूच यायचं बाकी होतं.

"मला येतं, सर," नाथाभाऊ म्हणाले. "कुठून, किती, आणि त्यात एक कमी. हा दुसरा कागद मीच काढला ना आता."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नाथाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे वा! मग आता तुझ्याशिवाय इथलं पान हलणार नाही."

सुमेधाचं पत्र टाइप करायला सांगून ते आत गेले.

"उद्या पेढे आणतो, मॅडम," नाथाभाऊ लाजून हसत म्हणाले.

सुमेधाला हसता येईना. चार वर्षांपूर्वी तिचं पहिलं कार्ड चाललं, तेव्हा सर तिला हेच म्हणाले होते, आणि तिनंही पेढे वाटले होते.