दोघींना विचारल्याशिवाय

मी मशीन, पण मशीन म्हणून बाजूला सारू नका, माझ्याकडेही सांगण्यासारखं काही आहे. आम्ही तिघी. थोरली रक्तपेढीत, मधली मोठ्या इस्पितळात आणि मी धाकटी, प्रसूतिगृहाच्या जिन्याखालच्या खोलीत. रक्ताच्या पिशव्यांची एकच यादी तिघींकडे. आम्हाला जोडणाऱ्या ताईंनी नियम घालून दिला: तिघींपैकी निदान दोघींचं एकमत झाल्याशिवाय पिशवी कुणाच्या नावावर लावायची नाही.

माणसांना धीर कुठला! पंख्यात बोटभर धूळ साचली तरी पुसणार नाहीत, उत्तराला क्षणभर उशीर झाला की टेबलावर थापा मारतील.

परवा दुपारी रस्ता खोदताना माझी तार तुटली. बहिणींचा आवाज बंद. नेमका तेव्हाच वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. रक्तगट दुर्मिळ. सिस्टर धावत खाली आल्या; तार बघायला आलेल्या ताई माझ्याजवळच होत्या. माझ्या यादीत त्या गटाची एकच पिशवी दिसत होती.

"दिसतेय ना समोर? लाव की मग!"

मी नाही म्हटलं. विचारायचं कुणाला?

"ताई, तुमच्या या महाराणीला समजवा! वर बाई पांढरीफटक पडलीय."

ताईंचा हात सक्तीच्या बटणाकडे गेला. ते दाबलं की मी एकटीच ठरवते. गेल्या वर्षी दाबलं होतं, तेव्हा एकच पिशवी दोन रुग्णांना कबूल करून बसले. माझे पंखे घरघरू लागले. आताही दाबलं असतं तर मी मुकाट्यानं हो म्हटलं असतं.

ताईंनी हात मागे घेतला. "सिस्टर, हिला खरंच माहीत नाही. निदान तसं कबूल तरी करतेय." त्यांनी रक्तपेढीला फोन लावला.

पिशवी मघाशीच मोठ्या इस्पितळात गेली होती. त्या दोघींची तार शाबूत. त्यांनी आपसात ठरवलं आणि मला पत्ताच नाही!

"अगं बाई! आपण गाडी पाठवून वाट बघत बसलो असतो," सिस्टर म्हणाल्या. लगेच त्यांनी शेजारच्या गावच्या पेढीला फोन केला.

तिथून पिशवी यायला चाळीस मिनिटं लागली. जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटायचं, आली वाईट बातमी. शेवटी बाळाच्या आजीचा आवाज आला, "डोळे उघडले हो माझ्या पोरीनं!"

आता तार जोडलीय. पण वरून हुकूम आलाय: धाकटीनं यापुढे थांबायचं नाही, विचारलं की तत्काळ उत्तर द्यायचं. ताई भांडभांड भांडल्या, कुणी ऐकलं नाही. सोमवारी माझा नियम काढून टाकणार.

मग तार तुटलेली असली तरी मी झटकन हो म्हणेन, ठणठणीत आवाजात म्हणेन, आणि ते खोटं आहे हे मला कळणारही नाही. वर कुणीतरी पिशवीच्या वाटेकडे डोळे लावून पडलेलं असेल. याचीच मला धास्ती आहे. म्हणून सोमवारच्या आत सांगते. वाटेल तेवढं राबवा मला, टेबलावर थापा मारा, धूळ खात ठेवा. फक्त "माहीत नाही" एवढं म्हणायची मुभा काढून घेऊ नका.