पाना

"बाबा, दोनच मिनिटं बोला. ऑडिटोरियम फुल्ल आहे," असं म्हणत भाग्यश्रीनं सासऱ्यांच्या कोटावरची पदकं सरळ केली.

एकाहत्तरच्या युद्धाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिच्या खराडीतल्या, घराजवळच्याच कंपनीनं ज्ञानदेवांचा सत्कार ठेवला होता. माईकवरची मुलगी रंगात आली होती. "समुद्राच्या तळाशी पाणबुडी, डोक्यावर शत्रूची जहाजं, आणि कित्येक तास पिन-ड्रॉप सायलेन्स!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

ज्ञानदेवांना मात्र घाम फुटला. कसली शांतता! ती त्यांनीच तर मोडली होती.

त्या दिवशी पाणबुडीतले पंखेसुद्धा बंद होते. सगळ्यांनी बूट काढलेले, बोलणं नुसतं खुणांनी. अशात घामेजल्या हातातून ज्ञानदेवांचा पाना निसटला आणि लोखंडी जमिनीवर टणकन आपटला. साठ-सत्तर माणसांनी श्वास रोखून धरले. वरची जहाजं निघून गेली, हे नशीब. मग साहेबांनी विचारलं, "कुणाच्या हातून पडला?" ज्ञानदेवांची जीभ टाळ्याला चिकटली. शेजारच्या साईनाथनं हात वर केला. त्याला पाणबुडीवरून उतरवलं ते कायमचं. पुढची सगळी नोकरी त्यानं किनाऱ्यावरच्या गोदामात काढली. ज्ञानदेव मात्र बढत्या घेत राहिले.

माईकपाशी त्यांना साईनाथचं नाव घ्यायचं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "आभारी हाय." पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांची त्यांना शरम वाटली.

गाडीत बसल्यावर ते सुनेला म्हणाले, "घरी नको. येरवड्याला घे."

दार कौशल्यानं उघडलं. साईनाथला जाऊन तीन वर्षं झाली होती. पेपरात बातमी वाचूनही ज्ञानदेव आले नव्हते. तिनं त्यांना नीट न्याहाळलं.

"या भावोजी. पत्ता सापडला म्हणायचा."

त्यांनी सत्कारात मिळालेली शाल तिच्या पुढ्यात ठेवली. "वहिनी, ही साईनाथची हाय. त्यो पाना माझ्या हातनं पडला होता."

"माहितीय."

"तुम्हाला सांगितलं त्यानं?"

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तुमची बढतीची परीक्षा तोंडावर होती म्हणे. हात मी माझ्या मर्जीनं वर केला, म्हणायचे. त्याचा राग नव्हता त्यांना." तिनं पदरानं फोटोची काच पुसली. "पण दर दिवाळीला एक खुर्ची रिकामी ठेवायला लावायचे. ज्ञाना येईल म्हणून. खराडीहून येरवडा, भावोजी. किती लांब आहे हो?"

चाळीस वर्षं ज्ञानदेव त्या पान्यालाच आपला गुन्हा समजत आले होते.

सत्काराचं पितळी स्मृतिचिन्ह अजून त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि फोटोसमोर टेकवलं. आधी एक कड, मग दुसरी. जराही आवाज झाला नाही.

कौशल्या बघत होती. "आमचे हेही असंच ठेवायचे. ताट, तांब्या, सगळंच." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "ठेवा की आपटून. आता कोण ऐकतंय?"

ज्ञानदेवांनी ते पुन्हा उचललं. हात बराच वेळ तसाच वर राहिला. मग त्यांनी ते पुन्हा हलकेच, आवाज न करता खाली ठेवलं.