नादमहाराजांची पितळी पेटी

बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांनाही माणसं लटकली होती. अँटेनाची वायर आणि रिसीव्हर यांच्या मध्ये नादमहाराजांनी आपली पितळी पेटी जोडली, बटण दाबलं, आणि मीटरचा काटा थेट टोकाला गेला. स्पीकरमधून खरखर धो धो कोसळू लागली.

"ऐका! विश्वाचा आदिनाद!" महाराज गरजले. "बारा वर्षं तप केलं, तेव्हा पेटीत उतरला. आता समुद्रात कुणी उसासा टाकला तरी इथे ऐकू येईल!"

बंदराच्या साहेबांनी हात जोडले. एकदोघांना तर रडूच फुटलं.

ऑपरेटर बाई मात्र घड्याळाकडे बघत होती. तिच्या धाकट्या भावाची होडी दोन वाजता हाक द्यायची. अडीच झाले होते, आणि इंजिन कुरकुरतंय असं तो सकाळीच म्हणाला होता.

"साहेब, या खरखरीत मला काही ऐकू येत नाही. पेटी काढू?"

"अहो, काटा बघा! एवढी शक्ती कधी आली होती का?"

"श्रद्धा नसलेल्या कानाला आदिनाद खरखरच वाटतो," महाराज डोळे मिटून कनवाळूपणे म्हणाले. सोय मोठी छान होती. ऐकू आलं तर महाराजांचं तेज, नाही आलं तर बाईचा कान.

पावणेतीनला तिचा धीर सुटला. तिने उठून पेटीतून अँटेनाची वायर उपटली.

साहेब किंचाळले. खरखर मात्र तश्शीच चालू! काटाही जागचा हलला नाही.

"अँटेना माझ्या हातात आहे साहेब. मग विश्वाचा नाद येतोय कुठून?"

महाराजांनी एक डोळा उघडला. "आता... तुमच्या हातातून."

तिने पेटी बाजूला सारली आणि वायर सरळ रिसीव्हरला जोडली. काटा धपकन खाली आला.

"गेली की शक्ती!" कुणीतरी हळहळलं.

त्या शांततेत एक क्षीण आवाज आला. "ताई... इंजिन बंद पडलंय... दीपस्तंभाच्या दक्षिणेला... पाणी शिरतंय... ऐकतेस का गं?"

"ऐकतेय रे!" म्हणत तिने ठिकाण टिपून घेतलं. पाच मिनिटांत बचाव नौका सुटली.

मग तिने पेटीचे स्क्रू काढले. आत एक बॅटरी आणि एक टुकार अॅम्प्लिफायर.

"अशी लांबून हवेतून येणारी हाक एका वॅटच्या अब्जाव्या भागाइतकीसुद्धा नसते," ती म्हणाली. "प्रत्येक यंत्र तिच्यात स्वतःची थोडी खरखर मिसळतंच. किती मिसळतं, तो आकडा यंत्राच्या कागदावर छापतात. त्याला नॉइज फिगर म्हणतात. जितका कमी, तितकं यंत्र चांगलं. ही पेटी हाक मोठी करते खरी, पण त्याहून कितीतरी जास्त स्वतःची खरखर ओतते. काटा त्या खरखरीनेच चढला. हिच्यावर आकडा कुठेच नाही. महाराजांचा फोटो तेवढा आहे."

महाराज गर्दीतून कधी निसटले, कुणाला कळलंच नाही.

संध्याकाळी भाऊ घोंगडीत गुंडाळलेला, कुडकुडत धक्क्यावर उतरला. "महाराजांच्या कृपेने वाचला," मागून कुणीतरी पुटपुटलं.

बाई गर्रकन वळली. "आवाज मोठा झाला की हात जोडता. तो कुठून येतोय, एवढं आधी विचारत जा. आपण कुणी वेळेवर विचारलं नाही, म्हणून आज हा बुडणार होता."